वर्गात एसी की आधी गच्चीला पांढरा रंग?

प्रश्न : ताई, मुलगा सहावीत आहे, दुपारची शाळा आणि वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर. मार्च लागला की घामाने निथळत घरी येतो, डोकं दुखतं म्हणतो. पालकसभेत एसीसाठी वर्गणी काढायचं चाललंय, काहीजण म्हणतात कूलर लावा, स्वस्तात होईल, शाळा म्हणते बिल कोण भरणार. काय करावं? (एक पालक, मुलुंड)

उत्तर : कूलरचं आधी निकालात काढू या. तो नागपूरला चालतो कारण तिकडची हवा कोरडी, आपल्याकडे हवेतच इतका दमटपणा की कूलर लावलात तर चिकचिक वाढेल फक्त.

आता एसी. नुसती बाकावर बसलेली पन्नास मुलं मिळून साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता सोडतात, म्हणजे एक टनाचा एसी तिथेच संपला, स्लॅब आणि खिडकीतलं ऊन अजून धरलंच नाहीये. म्हणजे एका वर्गाला दीड टनाचे किमान दोन लागणार आणि पाच तासांत बारा-पंधरा युनिट सहज जाणार. बरं, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आहे तीच फिरवतो, त्यात खिडक्या बंद आणि पन्नास जणांचा श्वास, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि मुलं पेंगायला लागतात. डोकेदुखी जाईलच असं काही नाही.

खरा त्रास तुमच्या वर्गाच्या डोक्यावर आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि दुपारच्या सत्रातच ती उष्णता खाली उतरते. गच्चीला पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह रंग किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) करून घ्या, फक्त मुंबईच्या पावसात शेवाळ धरून सगळं काळं पडतं, त्यामुळे दिवाळीच्या आसपास एकदा घासून घ्यावंच लागतं, हे कोणी सांगत नाही. सोलर पॅनल बसले तर सावली आणि वीज दोन्ही. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जा किंवा चिक लावा, आतला पडदा उपयोगाचा नाही कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं. आणि वारा आरपार जावा म्हणून दारावरची झडप उघडते का बघा, बहुतेक शाळांत ती रंगाने चिकटलेली असते नाहीतर समोर कपाट!

जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसच्या आसपास. तसले चार पंखे पाच तास चालले तरी जेमतेम अर्धा-पाऊण युनिट, आणि अंगावर वारा आला की दोन-तीन डिग्री कमी वाटतं. पाऊस पडायच्या आधीचे जूनचे दिवस मात्र एवढं करूनही नकोसेच जाणार, खोटं कशाला सांगू.

इतकं करूनही एसी हवाच असेल तर एखाद्या हॉलला लावा, २६ वर ठेवा, सोबत पंखा, आणि ताजी हवा आत घेणारा फॅन त्याच कोटेशनमध्ये मागा. वर्गणी काढायच्या आधी शाळेचा सँक्शन्ड लोड (वीज कंपनीने मंजूर केलेला वीजभार) किती ते विचारून घ्या, तो वाढवायचा म्हणजे अर्ज, डिपॉझिट, कधीकधी नवी केबलसुद्धा, आणि तो खर्च एसीच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो.