मारुती ८००, निळा धूर आणि २५ हजारांचं बजेट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००८ ची मारुती ८००, एमएच-०४ पासिंग, वडिलांची म्हणून विकवत नाही. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाते, मागून निळा धूर येतो, मुंब्रा बायपासच्या चढावर दम टाकते. कळव्याच्या गॅरेजवाल्याने फुल इंजिनचे ४० हजार सांगितले. तुमच्याकडे २५ आहेत आणि मामेभाऊ आयटीआयचा मोटर मेकॅनिक आहे. तर कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून बसवावं, की हेच बांधावं?

हेच बांधा. जुन्या इंजिनाचा बोर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) किती झिजलाय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पैसे देऊन तुम्ही कदाचित हाच आजार विकत घ्याल. शिवाय आरसीवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की आरटीओकडे नोंद करावी लागते, ते कुठून आलं याचे कागद लागतात. तुमचं नूतनीकरण २०२३ ला झालं असेल, म्हणजे २०२८ ला गाडी पुन्हा तपासणीला उभी राहणार. तेव्हा नंबर जुळला नाही तर मनस्ताप.

आणि हे इंजिन बांधायला खरोखर सोपं आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बिडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग), ॲल्युमिनियमचं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग). १९८३ पासून २०१४ पर्यंत ८०० निघत होती आणि ओम्नीतही हेच इंजिन, त्यामुळे पार्ट अजून मिळतात.

पण पाना हातात घेण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. इंजिन गरम करा, फ्युएल पंप आणि इग्निशन बंद करा, तिन्ही प्लग काढा, एकेका भोकाला कॉम्प्रेशन गेज लावून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. तिन्ही आकडे लिहून ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि बोर गेलेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारच्या दोनच सिलिंडरचे आकडे पडलेले असतील तर हेड पॅकिंगवर (हेड आणि ब्लॉकच्या मधल्या गॅस्केटवर) संशय घ्या. आणि कॉम्प्रेशन चांगलं असून फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला धुराचा लोट येत असेल, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक झालेत. तेवढ्यासाठी खालचं इंजिन उघडायचं कारणच नाही. तुमची गाडी चढावर ओढत नाही म्हणजे बोरचीच शक्यता जास्त, तरी मोजा.

आता बोर. हेड काढलं की सिलिंडरच्या वरच्या कडेला नख फिरवा. रिंग जिथवर पोचते तिथे पायरी लागली तर झीज आहे. नेमकी किती, हे बोर गेजनेच कळतं. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजायचं. मूळ माप ६८.५ मि.मी. लंबगोलपणा किंवा वर-खालचा फरक साधारण ०.१० मि.मी.च्या पुढे गेला असेल तर बोरिंग (भोक मशीनवर थोडं मोठं करणं) करावंच लागेल. इथे बरेच जण सांगतील, “नुसत्या रिंगा टाका, भागेल.” ऐकू नका. गोल रिंग लंबगोल बोरमध्ये सगळीकडून टेकत नाही. काही महिन्यांत धूर परत येतो आणि पॅकिंग किट, ऑइल, मजुरी सगळं दुसऱ्यांदा भरावं लागतं. कमी पैशात काम करणाऱ्याला हेच सर्वात महाग पडतं. माप मर्यादेत असेल तर मात्र हलकं होनिंग (बोरची भिंत दगडाने बारीक घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात. तेव्हा विनाकारण बोर करून घेऊ नका.

बोर करायचं ठरलं तर आधी पिस्टन विकत घ्या, नंतर बोरिंगवाल्याकडे जा. ०.२५ आणि ०.५० मि.मी.ने मोठे असे ओव्हरसाइझ सेट मिळतात. झीज निघून जाईल असं सर्वात लहान माप घ्या. वागळे इस्टेटला किंवा तुर्भे-रबाळ्याच्या पट्ट्यात जिथे काम द्याल तिथे पिस्टन ब्लॉकसोबत ठेवा आणि सांगा, “प्रत्येक पिस्टन मोजून त्याचा सिलिंडर करा.” पिस्टनवर नंबर घालून घ्या. शेवटचं होनिंग तिरप्या जाळीचं हवं, आरशासारखं गुळगुळीत नको. त्या बारीक रेषांमध्ये ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात.

ब्लॉक हातात आला की धुणं तुमच्याकडे, आणि याला मी बोरिंगइतकंच महत्त्व देतो. नुसत्या रॉकेलने किंवा पेट्रोलने होनिंगची बारीक पूड निघत नाही, ती रेषांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, कपड्यांचा साबण, ब्रश. पांढरं फडकं फिरवल्यावर करडं होणं थांबेपर्यंत घासा. ऑइलच्या वाटाही आतून ब्रश घालून धुवा. पुसलं की लगेच इंजिन ऑइल चोपडा. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या बिडावर रात्रीत तांबेरा चढतो, म्हणून धुवायचं काम जुळवणीच्या दिवशीच काढा.

हेडचं फेसिंग (ब्लॉकवर बसणारी सपाट बाजू) आधी तपासा: सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त वाक असेल तरच मशीनवर द्या. व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर पेस्ट लावून घासणं) घरी करा, यात पैसा नाही, फक्त हात दुखतात. मग हेडच्या पोर्टमध्ये (हवा-धुराच्या वाटेत) पेट्रोल ओतून व्हॉल्व्हकडून झिरपतं का बघा. रेडिएटरमध्ये आजवर सोसायटीचं बोअरवेलचं पाणी जात असेल तर हेडच्या पाण्याच्या वाटा खाल्लेल्या सापडतील. पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला.

क्रँकची जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मापात असतील तर ग्राइंडिंग करू नका, पॉलिश आणि स्टँडर्ड बेअरिंग बास. ऑइल पंप, कॅमशाफ्ट मापात असतील तर तेच वापरा. मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंग कॅप आपापल्या जागी, आपापल्या दिशेनेच बसवा. टायमिंग बेल्ट, मागचा क्रँक ऑइल सील आणि कोअर प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांची पत्र्याची बुचं) मात्र नवेच टाका. नाहीतर मागच्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायला लागेल. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) नसेल तर भाड्याने किंवा ओळखीत मागून आणा, अंदाजाने हेड आवळू नका. रंग, पॉलिश, नवे पाइप चमकवणं, हे सगळं नंतर.

सुरू झाल्यावर तासन्तास आयडलवर ठेवू नका. ऑइल प्रेशर आणि गळती बघून रस्त्यावर काढा, मध्यम लोडवर वेग कमी-जास्त करत चालवा. त्या दिवसांत घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकवू नका. साधं मिनरल ऑइल घाला आणि ५०० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला.

खोलण्याआधी तिन्ही सिलिंडरचे कोरडे आणि ऑइल टाकून घेतलेले आकडे इथे लिहा. त्यावरून खालचं इंजिन उघडावं लागेल का ते सांगतो, आणि २५ हजारांत काय काय बसेल तेही मग नीट मांडता येईल.