दिवाळीपासून बंद असलेली गोळी

प्रश्न : माझं वय ४७. मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, दीड वर्षापासून मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस चालू आहे. त्यांचं पाणी मोजून देणं, भाज्या उकळून पाणी टाकून देणं, रोजचं वजन लिहून ठेवणं, सगळं मीच बघते. मुलगा पुण्यात शिकतो. पहिलं वर्ष नेटानं काढलं. आता सकाळी उठवत नाही. गॅसपाशी उभी असते तरी दूध उतू जातं. केस मूठभर गळतात. मार्चमध्येसुद्धा मला पंखा सोसत नाही, त्यावरून मिस्टर चिडतात. रोज प्रेरणादायी व्हिडिओ बघते, कृतज्ञतेच्या वहीत लिहिते, पण दुपारपर्यंत सगळं विरून जातं. माझ्या थायरॉइडच्या गोळ्याही दिवाळीत संपल्या, त्या आणायच्या राहिल्यात; आधी त्यांच्या औषधांचं बघावं लागतं. मी इतकी आळशी कशी झाले? मन खंबीर ठेवायला काय करू?
— एक वाचक, सांगली

ताई,

तुमच्या पत्रातल्या एकाच वाक्याबद्दल मी बोलणार आहे. गोळ्या दिवाळीत संपल्या आणि मार्च आला तरी घरात आल्या नाहीत. चार-पाच महिने! आणि हे तुम्ही पंख्याच्या आणि उतू गेलेल्या दुधाच्या खाली, जाता जाता लिहिलंत. मला तुमचा राग आलाय, ताई. मिस्टरांची एक गोळी एक दिवस चुकली असती तर तुम्ही रात्री दुकान उघडायला लावलं असतंत.

थायरॉइडचं संप्रेरक शरीराचा वेग ठरवतं. अंगातली ऊब, हृदयाचे ठोके, पचन, डोक्याचं काम, सगळं त्याच्यावर चालतं. ते कमी पडलं की थकवा येतो, थंडी वाजते, केस गळतात, विसरायला होतं, मन उदास होतं. आता स्वतःचं पत्र पुन्हा वाचा. सांगलीच्या मार्चमध्ये पंखा न सोसणारी, गॅससमोर उभं राहून दूध उतू जाऊ देणारी बाई तुम्हाला आळशी वाटते? मला ती औषध बंद झालेली पेशंट वाटते. यात फसगत होते ती अशी, की गोळी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच जाणवत नाही. शरीरातलं औषध हळूहळू उतरतं, आठवडाभरात साधारण निम्मं. त्रास वाढेपर्यंत गोळी बंद झाल्याचं आपण विसरून गेलेलो असतो आणि दोष स्वभावाला देतो.

म्हणून मन खंबीर कसं ठेवायचं, हे मी आज सांगणार नाही. येत्या गुरुवारी मिस्टरांना मशीनवर घेतलं, की बाहेरच्या बाकावर बसायचं नाही. चार तास ते नर्सच्या देखरेखीखाली असतात. तेवढ्या वेळात जवळच्या लॅबमध्ये जा आणि टीएसएच या थायरॉइडच्या तपासणीसाठी रक्त द्या. त्याला उपाशी राहावं लागत नाही, काही शे रुपयांत होतं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा आणि गोळी किती महिने बंद होती ते खरं सांगा. ओशाळू नका, त्यांना ते कळायलाच हवं. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर सुरू करू नका. इतक्या खंडानंतर डोस किती, हे त्यांनी ठरवायचं आहे.

पैशांचं म्हणाल, तर ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या सरकारी यादीत आहे, तिच्या किमतीवर मर्यादा आहे. महिन्याचा खर्च दोनशेच्या आत बसतो. आणि डायलिसिस अजून स्वतःच्या खिशातून करत असाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णांना योजनेची मदत करणाऱ्या माणसाला गाठून विचारा. डायलिसिस त्या योजनेत आहे.

आता मिस्टरांकडे येते. तुमची गोळी बंद आहे हे त्यांना माहीत असल्याचं पत्रात कुठेच नाही. माहीत असतं तर ते पंख्यावरून चिडले नसते, निदान मी तरी तसं धरून चालते. आजच रात्री त्यांना सांगा. ते आजारी आहेत म्हणून घरातल्या दुसऱ्या आजाराची त्यांना खबर द्यायची नाही, हे मला मुळीच पटत नाही. दीड वर्षात तुम्ही त्यांना नुसतं पेशंट करून ठेवलंय. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हाताला जड उचलायचं नसतं, पण पाण्याचा पेला दुसऱ्या हातानं उचलता येतो. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, की ती रोज सकाळी तुमच्या हातात ठेवणं हे त्यांचं काम. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा-पाऊण तास चहा नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी घेत असाल, तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. ते अंतर राखणंही त्यांच्याकडेच द्या. डायलिसिसच्या वेळापत्रकात मुरलेल्या माणसाला हे सहज जमेल, आणि मला वाटतं, आवडेलसुद्धा.

गोळी लागू पडायला काही आठवडे जातात. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करतात, त्यावरून डोस कमी-जास्त होतो. तोवर व्हिडिओ बघावेसे वाटले तर बघा. वही मात्र बाजूला ठेवा. दमलेल्या अंगानं रोज बळेच कृतज्ञता लिहायची आणि दुपारी तिच्यावरूनच स्वतःला टाकून बोलायचं, हे तुमच्या बाबतीत मला क्रूर वाटतं.

सगळा थकवा थायरॉइडचाच असेल असं मी म्हणत नाही. दीड वर्ष दुसऱ्याचं पाणी मोजणाऱ्या माणसाला दमायचा हक्क आहे. रिपोर्ट ठीक येऊनही मन उठलं नाही, किंवा अगदी आजही जगण्याचा वीट येत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, कॉल मोफत असतो आणि मराठीत बोलता येतं. त्यासाठी गुरुवारची वाट बघू नका.

रिपोर्ट हातात आला की आकडा मला लिहून पाठवा. आणि हो, रक्त द्यायला गेलात तेव्हा मिस्टर काय म्हणाले, तेही.