व्हरमाँटमध्ये घर शोधताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

एसेक्स जंक्शनचा चिप-कारखाना, बर्लिंग्टनचे विद्यापीठ आणि तेथील रुग्णालय यांच्या निमित्ताने अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात येणाऱ्या मराठी कुटुंबांकडून घरांविषयी सातत्याने विचारणा होते. त्यांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : जेमतेम साडेसहा लाख वस्तीच्या या राज्यात जिकडे पाहावे तिकडे मोकळे रान आहे. मग भाड्याचे साधे दोन खोल्यांचे घर मिळता मिळत नाही, असे का?

उत्तर : येथे जमिनीचा तुटवडा नाही; तुटवडा आहे तो घर बांधता येईल अशा जमिनीचा. 1960 च्या दशकात महामार्ग आले आणि स्कीच्या डोंगरांभोवती सुट्टीतील घरांच्या मोठमोठ्या वसाहतींचे बेत आखले जाऊ लागले, तेव्हा गव्हर्नर डीन डेव्हिस यांच्या कारकिर्दीत 1970 मध्ये ‘अ‍ॅक्ट 250’ हा कायदा झाला. पाच मैलांच्या परिघात पाच वर्षांत दहा किंवा अधिक घरे बांधायची असतील, तर पाणी, माती, वाहतूक, शाळांवरील भार अशा अनेक निकषांवर परवानगी घेणे या कायद्याने बंधनकारक केले. या कायद्यामुळेच व्हरमाँटचे डोंगर शाबूत राहिले, हे मान्य करायलाच हवे. पण परवानगीला लागणारा वेळ आणि वकील-अभियंत्यांचा खर्च टाळण्यासाठी अनेक बांधकाम व्यावसायिक नऊ घरांवर थांबू लागले, हेही तितकेच खरे आहे.

दुसरे कारण जमिनीखाली आहे. बहुतेक खेड्यांत सार्वजनिक सांडपाणी व्यवस्था नाही, आणि ती नसेल तर दाट वस्ती उभी राहू शकत नाही. त्यातच सुमारे सहापैकी एक घर केवळ हंगामी वापराचे असून वर्षातील बराच काळ कुलूपबंद असते. 2025 ते 2029 या काळात राज्याला 24,000 ते 36,000 नवी घरे लागतील, असा राज्याच्याच गृहनिर्माण पाहणीचा अंदाज आहे. जेथे एका कुटुंबाचे घर चालते तेथे दोन कुटुंबांचेही चालेल, अशी तरतूद 2023 च्या कायद्याने केली. 2024 च्या कायद्याने गावठाणांतील बांधकामांना ‘अ‍ॅक्ट 250’ मधून सवलती दिल्या. दिशा योग्य आहे, मात्र सांडपाण्याच्या वाहिन्या टाकल्याशिवाय तिचा उपयोग मर्यादितच राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : बर्लिंग्टनमध्ये घरमालक अर्जाचे शुल्क आणि दोन महिन्यांची अनामत मागत आहेत. नकार दिला तर घर हातचे जाईल, अशी भीती वाटते.

उत्तर : आपली भीती अनाठायी नाही, परंतु दोन्ही मागण्या नियमबाह्य आहेत. राहत्या घरासाठी अर्जाचे शुल्क घेण्यास व्हरमाँटच्या कायद्याने मनाई आहे. अनामतीवर राज्यभर लागू असणारी मर्यादा नसली, तरी बर्लिंग्टन शहराच्या नियमानुसार एका महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. घर सोडल्यावर 14 दिवसांच्या आत मालकाने अनामत परत केली पाहिजे किंवा कोणत्या नुकसानीपोटी किती रक्कम कापली याचा लेखी हिशेब दिला पाहिजे. तसे न केल्यास कापण्याचा हक्कच तो गमावतो. म्हणून ताबा घेताना प्रत्येक खोलीची, खिडक्यांची आणि स्नानगृहाची तारखेसह छायाचित्रे काढून ती मालकाला ई-मेलने पाठवून ठेवावीत.

बाहेर कडाक्याची थंडी असताना घरात किमान 65 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 18 अंश सेल्सिअस तापमान राखू शकेल अशी सोय पुरवणे हेही मालकाचे कर्तव्य आहे. न्यायालयाच्या आदेशाविना कुलूप बदलणे किंवा वीज-पाणी तोडणे हे तर सरळसरळ बेकायदेशीर आहे. शुल्काविषयी मालकाशी वाद न घालता, ‘हे शुल्क राज्याच्या कायद्यात बसत नाही असे समजते, कृपया खात्री करावी,’ असे नम्रपणे लिहावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते.

प्रश्न : नोकरीच्या ठिकाणापासून तासाभराच्या अंतरावर जुने शेतघर बरेच स्वस्त मिळते आहे. चार शयनकक्ष, पाच एकर जमीन. घ्यावे काय?

उत्तर : घ्यावे की नाही, हे घराच्या चार भिंती पाहून ठरणार नाही. सर्वप्रथम सांडपाण्याचा परवाना मागावा. येथे सेप्टिक टँक आणि त्यातील सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषक्षेत्र यांची क्षमता शयनकक्षांच्या संख्येवरून ठरते. जाहिरातीत चार शयनकक्ष आणि परवाना मात्र तीन शयनकक्षांचा, असे प्रकार सर्रास आढळतात. फार जुन्या घरांना परवानाच नसतो. चिकणमाती किंवा उथळ खडक असलेल्या जागी शोषक्षेत्र बिघडले, तर मातीचा उंचवटा रचून नवी यंत्रणा उभारावी लागते आणि तिचा खर्च काही दशसहस्र डॉलरच्या घरात जातो. ‘स्वस्त’ घरातील बचत तेथेच गडप होते. टाकी उपसून आतून तपासल्याशिवाय खरेदीचा करार पक्का करू नये.

त्यानंतर पाणी. खडकात खोदलेल्या बोअरच्या पाण्यात आर्सेनिक, युरेनियम किंवा रेडॉन असू शकते आणि चव किंवा रंग यांवरून ते मुळीच कळत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेकडून तपासणीचे संच मिळतात, ते मागवावेत.

तिसरी गोष्ट रस्त्याची, आणि नवखे लोक नेमके येथेच फसतात. व्हरमाँटमधील निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत. त्यांपैकी ‘चौथ्या वर्गा’च्या रस्त्यांची देखभाल करण्याचे बंधन गावावर नसते, त्यामुळे हिवाळ्यात तेथील बर्फ बहुधा ज्याचा त्यालाच काढावा लागतो. घर कोणत्या वर्गाच्या रस्त्यावर आहे, हे गावच्या लिपिकाच्या कार्यालयात विचारावे. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून वरची माती पातळ होते, खालचा थर मात्र गोठलेलाच राहतो; मग पाणी मुरत नाही आणि चाकांच्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की साधी सेडान तळावर टेकते. शक्य असेल तर घर त्याच दिवसांत पाहावे. ऑक्टोबरमधील रंगीत पानांच्या दिवसांत येथील कोणतेही घर सुंदरच दिसते!

विक्रेत्याकडून मागील दोन हिवाळ्यांच्या तेलाच्या किंवा प्रोपेनच्या पावत्या मागून घ्याव्यात आणि घर नदी-ओढ्याकाठी असल्यास केंद्र सरकारच्या पूरनकाशावर विसंबून राहू नये. जुलै 2023 आणि पुन्हा जुलै 2024 मधील पुरांत पाणी चढले तसे काठही खचले. काठ खचण्याचा हा धोका दाखवण्यासाठी राज्याने नदीपात्रालगतच्या पट्ट्यांचे वेगळे नकाशे केले आहेत. घराच्या साध्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

या सगळ्याची बेरीज करून पाहिली, तर गावठाणात सार्वजनिक पाणी आणि सांडपाणी असलेले लहान घर महाग वाटले तरी अनेकदा तेच परवडते.

प्रश्न : आम्ही एच-1बी व्हिसावर आहोत. बिनाअग्रिम, म्हणजे सुरुवातीला रक्कम न भरता मिळणारे, ग्रामीण गृहकर्ज आम्हाला मिळेल का?

उत्तर : नाही. केंद्रीय कृषी खात्याचे ते कर्ज नागरिक आणि ग्रीन कार्डधारक अशा पात्र रहिवाशांसाठी आहे. शिवाय बर्लिंग्टन व त्याला लागून असलेला शहरी पट्टा त्यातून वगळलेला आहे. केंद्र सरकारच्या विम्याचे संरक्षण असलेल्या एफएचए कर्जाचा मार्गही 25 मे 2025 पासून तात्पुरत्या व्हिसाधारकांना बंद झाला. मात्र घर विकत घेण्यास आपल्याला कोणतीही आडकाठी नाही आणि काही बँका व पतसंस्था साधे गृहकर्ज देतात. व्हिसाची मुदतवाढ प्रलंबित असेल, तर ती मिळेपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

घर घेतल्यावर दरवर्षी 15 एप्रिलपूर्वी ‘होमस्टेड’ (स्वतःचे राहते घर असल्याचे) घोषणापत्र भरण्यास विसरू नये. घरपट्टीतील शिक्षणकराचा दर त्यावर ठरतो आणि उत्पन्नानुसार मिळणारी सवलतही त्याशिवाय मिळत नाही.

प्रश्न : चँप्लेन हाउसिंग ट्रस्टचे घर स्वस्त आहे, पण पुढे विकताना नफा वाटून घ्यावा लागतो म्हणतात. हा तोट्याचा व्यवहार नव्हे काय?

उत्तर : घराकडे गुंतवणूक म्हणून पाहिल्यास तसे वाटेल. ही संस्था बर्नी सँडर्स बर्लिंग्टनचे महापौर असताना 1984 मध्ये सुरू झालेल्या, घरे परवडणारी ठेवण्यासाठी स्थापलेल्या भूविश्वस्त संस्थेतून वाढली आहे. समजा, 3 लाख डॉलर बाजारभावाचे घर आपल्याला ट्रस्टच्या अनुदानामुळे 2 लाख 25 हजारांना मिळाले आणि काही वर्षांनी त्याची किंमत 3 लाख 80 हजार झाली. वाढलेल्या 80 हजारांतील एक चतुर्थांश, म्हणजे 20 हजार डॉलर आपले. फेडलेले मुद्दल आणि सुरुवातीला भरलेली रक्कमही आपलीच. उरलेली वाढ घरातच राहते, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते परवडते. त्या वर्षांत भाडे भरले असते तर हाती काय उरले असते, याच्याशी तुलना करावी. खुल्या बाजारातील जे घर मुळात आवाक्यातच नव्हते त्याच्याशी नव्हे. उत्पन्नाची मर्यादा आणि स्वतः राहण्याची अट मात्र आहे.

प्रश्न : न्यू जर्सीतील आमचे स्नेही येथे सुट्टीसाठी घर घेऊ इच्छितात. आपला सल्ला काय?

उत्तर : ऑगस्ट 2024 पासून, स्वतः कायम न राहता आणि दीर्घ मुदतीच्या भाड्यानेही न देता घेतलेल्या घरावर 3.4 टक्के हस्तांतरण कर लागतो. हा नेहमीच्या दराच्या दुपटीहून अधिक आहे. माझा सल्ला असा की, त्यांनी गावठाणातील एखादे जुने दुमजली घर घेऊन ते वर्षभराच्या भाडेकराराने द्यावे, म्हणजे हा वाढीव कर लागणार नाही. अशा घरातील पडीक भाग राहण्याजोगा करण्यासाठी, निधी शिल्लक असल्यास, राज्याच्या गृहसुधार योजनेतून प्रत्येक बिऱ्हाडामागे 50 हजार डॉलरपर्यंत साहाय्य मिळू शकते. त्या बदल्यात ठरावीक वर्षे भाडे सरकारी मर्यादेत ठेवावे लागते. अर्ज कामाला हात लावण्यापूर्वी करावा.