करिअर मार्गदर्शन : व्यासपीठावरील पाच संशोधकांची ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न : मी सोलापुरात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करीत असून हे माझे दुसरे वर्ष आहे. आमच्या विद्यापीठातील संशोधक अधिछात्रांच्या (रिसर्च फेलोंच्या) संघटनेची सचिव म्हणून माझी निवड झाली आहे. पुढील महिन्यात नव्याने नोंदणी झालेल्या संशोधकांचे स्वागत आहे. त्या कार्यक्रमात पदाधिकाऱ्यांची ओळख करून देणे आणि तीच ओळख छापील पत्रकासाठी लिहिणे, ही दोन्ही कामे माझ्याकडे आली आहेत. मसुदा सोबत पाठवीत आहे, पण तो मलाच पटत नाही. वडील यंत्रमागावर काम करतात. ते म्हणतात, संघटनेत पडलीस की पीएच.डी. राहिली. गाईडना मी अजून काही सांगितलेले नाही. हे काम करावे का, आणि करायचे तर कसे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि मसुदा दोन्ही लक्षपूर्वक वाचले. तुम्ही आधी 'करावे का' असे विचारले आहे आणि मग 'कसे करावे' असे. मी हा क्रम उलटा घेतो, कारण हे काम नीट करायचे म्हणजे काय करायचे, हे एकदा समोर आले की ते हाती घेण्यासारखे आहे की नाही हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

मसुद्यात अध्यक्षांविषयी तुम्ही लिहिले आहे : 'अत्यंत अभ्यासू, मनमिळाऊ आणि बहुआयामी व्यक्तिमत्त्व लाभलेल्या आमच्या अध्यक्षांचे नऊ शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रकाशित झाले असून त्यांना विविध पुरस्कारांनी सन्मानित करण्यात आले आहे.' उपाध्यक्षांच्या परिचयातही हेच वाक्य आहे, फक्त नऊच्या जागी सहा आले आहेत. यात खोटे काही नाही. परंतु हे वाक्य कोणत्याही समारंभात कोणाविषयीही म्हणता येते, आणि पहिल्यांदाच त्या सभागृहात येऊन बसलेल्या संशोधकाच्या हाती त्यातून काही लागत नाही. मसुदा तुम्हाला पटला नाही, याचे कारण हेच असावे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका स्वागत समारंभाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. हारतुरे झाले, परिचय झाले, आणि चहाच्या वेळी एक मुलगी माझ्याकडे आली. तिच्या हातात कापड दुकानाची पिशवी होती. पिशवीत रुजू झाल्याचा अहवाल, घरभाड्याचे प्रमाणपत्र, पासबुकाची झेरॉक्स असे सगळे कागद घडी घालून ठेवलेले होते. चार महिने तिची अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) जमा झाली नव्हती आणि घरी ते सांगायची तिला लाज वाटत होती. विद्यापीठ अनुदान आयोगाची ही रक्कम थेट संशोधकाच्या खात्यात येत असली, तरी त्यासाठी संस्थेच्या कार्यालयातील एकाने दरमहा ऑनलाइन नोंद करावी लागते आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावी लागते. तिच्या बाबतीत यातील दुसरी पायरी अडली होती, आणि अशी पायरी असते हेच तिला कोणी सांगितले नव्हते. आदल्या वर्षी याच अडचणीतून गेलेले आणि कार्यालयात खेटे घालून ती सोडवून घेतलेले खजिनदार अर्ध्या तासापूर्वी तिच्यासमोर व्यासपीठावर उभे होते. त्यांच्या नावावर किती निबंध आहेत हे तिने ऐकले होते, पण अधिछात्रवृत्ती अडली तर या माणसाला विचारावे, हे तिच्या कानावर पडले नव्हते. मी तिची त्यांच्याशी गाठ घालून दिली आणि कोणत्या टेबलावर कोणता कागद द्यायचा हे पाच मिनिटांत तिला समजले. तेव्हापासून पदाधिकाऱ्यांचा परिचय हा मला शोभेचा भाग वाटत नाही.

तेव्हा प्रत्येकाची ओळख लिहिण्यापूर्वी त्या व्यक्तीला तिच्या प्रयोगशाळेत जाऊन भेटा. पत्रकातील जुनी माहिती उतरवून घेऊ नका. ती कोणता प्रश्न सोडवीत आहे, हे पद तिने कोणत्या अनुभवामुळे घेतले, आणि नव्या संशोधकाने कोणत्या अडचणीसाठी तिचा दरवाजा ठोठावावा, एवढे कळले की परिचय तयार झाला. तुमचे अध्यक्ष डाळिंबाच्या तेलकट डाग रोगावर काम करतात, असे तुमच्या पत्रात ओझरते आले आहे, मात्र मसुद्यात त्याचा उल्लेखही नाही. ज्या जिल्ह्यात सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांतील कितीतरी घरे डाळिंबावर चालतात आणि जेथे केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे आहे, तेथे हा विषय गाळून 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' लिहिणे म्हणजे सांगण्याजोगे तेवढे वगळणे होय. तपशील तुम्ही त्यांच्याकडून तपासून घ्यालच, पण नमुन्यादाखल मी असे लिहिले असते :

'आमचे अध्यक्ष डाळिंबावरील तेलकट डाग या जिवाणूजन्य रोगाचा अभ्यास करतात. पावसाचा थेंब रोगट पानावर आपटून उडाला की त्याबरोबर जिवाणूही शेजारच्या फांदीवर जातो. त्यामुळे पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहराला या रोगाचा फटका अधिक बसतो. रोगट झाडावर बांधलेल्या गुटी कलमांतून तो नव्या बागेतही पोहोचतो. वरून निरोगी दिसणाऱ्या रोपात जिवाणू आहे की नाही, हे लागवडीपूर्वीच ओळखता येईल का, याचा शोध ते घेत आहेत. बागेतून नमुने आणणे, शेतकऱ्यांची परवानगी घेणे आणि प्रवासखर्चाची बिले वेळेत मंजूर करून घेणे, यांविषयी काही विचारायचे असेल तर त्यांना भेटावे.'

यात कौतुकाचे एकही विशेषण नाही, तरी माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. उपाध्यक्ष भौतिकशास्त्राच्या आहेत आणि त्यांच्या विषयासाठी तुम्ही 'पातळ फिल्म आधारित वायुसंवेदक' एवढेच लिहिले आहे. समोर इतिहासाचे आणि वाणिज्याचे संशोधकही असणार. काचेच्या पट्टीवर केसाहून शंभर पटींनी पातळ थर चढवायचा आणि विशिष्ट वायूचा स्पर्श होताच त्या थराचा विद्युतरोध किती बदलतो ते मोजायचे, असे सांगितले तर मराठीच्या संशोधकालाही ते समजेल. सहसचिवांच्या बाबतीत तर तुमचे काम सोपे आहे, कारण नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या गवताळ माळावर पहाटेपासून दुर्बीण घेऊन बसणाऱ्या माणसाविषयी सांगताना श्रोते आपोआप कान देतात. तेथे फक्त एवढे पाहा की माळढोकचे नाव मोठे आहे म्हणून त्यांच्या कामाचा विषय बदलला जाऊ नये. ते माळावरील छोट्या पक्ष्यांच्या घरट्यांवर काम करतात असे तुम्हीच लिहिले आहे, तर तेच सांगावे.

अचूकतेबाबत मी थोडा कठोर आहे. ज्यांनी प्रबंध सादर केला आहे पण ज्यांना पदवी मिळालेली नाही, त्यांच्या नावामागे 'डॉ.' लावू नये. तुमच्या मसुद्यात एका ठिकाणी ते लागले आहे. नियतकालिकाकडे पाठविलेला, स्वीकारला गेलेला आणि प्रकाशित झालेला शोधनिबंध या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत, त्यांची बेरीज करू नये. अप्रकाशित निष्कर्ष पत्रकात घालण्यापूर्वी संबंधितांना आणि त्यांच्या गाईडना विचारावे. पेटंटसाठी अर्ज करायचा असेल तर आधी झालेली जाहीर वाच्यता अर्जाच्या आड येऊ शकते.

एक नाजूक बाब. आपल्याकडे बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या विशिष्ट समाजघटकांसाठी आहेत. त्यामुळे अधिछात्रवृत्तीचे नाव छापले की त्या व्यक्तीचा प्रवर्गही छापला जातो. काहींना ते अभिमानाने सांगायचे असते, काहींना नको असते. प्रत्येकाला विचारूनच लिहावे. तसेच उपाध्यक्षांविषयी तुम्ही 'संसाराची जबाबदारी सांभाळून' असे लिहिले आहे, ते काढून टाकावे, कारण अध्यक्षही विवाहित आहेत आणि त्यांच्याविषयी तसे लिहिलेले नाही. मात्र उपाध्यक्षांनी स्वतः मातृत्व रजा घेतलेली असेल आणि त्यांची हरकत नसेल, तर ते सांगणे उपयोगाचे आहे. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या संपूर्ण कालावधीत महिला संशोधकांना मातृत्व व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. असा अर्ज केलेली एक व्यक्ती आपल्याच विद्यापीठात आहे, हे समजणे एखादीला नियमाच्या परिपत्रकापेक्षा अधिक धीर देईल.

आता वडिलांच्या चिंतेविषयी. सोलापूरच्या कामगार घरांत 'संघटना' या शब्दाबरोबर संप, बंद पडलेल्या गिरण्या आणि थकलेली देणी आठवतात. त्यामुळे त्यांची भीती समजून न घेता ती उडवून लावू नका. संशोधक अधिछात्राची स्थिती मात्र वेगळी असते. तो पूर्णपणे विद्यार्थी नसतो आणि नोकरदारही नसतो, त्यामुळे घरभाडे, रजा, आकस्मिक खर्चाचे अनुदान, प्रयोगशाळेतील सुरक्षितता असे त्याचे प्रश्न विद्यार्थी मंडळाच्या कक्षेत नीट बसत नाहीत आणि कर्मचारी संघटनेच्याही नाहीत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा २५,००० रुपयांवरून १ जानेवारी २०१९ पासून ३१,००० आणि १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये झाली. यांपैकी २०१९ च्या वाढीपूर्वी देशभरातील संशोधकांनी अनेक महिने निवेदने दिली होती आणि रस्त्यावर येऊन मागणी मांडली होती. परदेशातही हेच झाले आहे. युरोपातील तरुण संशोधकांच्या राष्ट्रीय संघटनांचा महासंघ २००२ मध्ये स्थापन झाला आणि अमेरिकेत पीएच.डी.नंतरच्या संशोधकांची राष्ट्रीय संघटना २००३ मध्ये. ब्रिटनमध्ये संशोधकांच्या करिअर विकासाचा जो करारनामा २०१९ मध्ये सुधारला गेला, त्यात संशोधकाला वर्षाला किमान १० दिवस व्यावसायिक विकासासाठी मिळावेत अशी अपेक्षा नोंदविली आहे. आपल्याकडे असे दिवस कोणी मोजून देत नाही, ते तुम्हालाच मोजून वापरावे लागतील.

म्हणून हे पद घ्यावे, पण एका वर्षासाठी आणि तासांची मर्यादा ठरवून. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी कमाल ६ वर्षे आहेत. विद्यापीठ मुदतवाढ देऊ शकते आणि महिलांना आणखी २ वर्षांची सवलत आहे, तरी ती सवलत संघटनेच्या बैठकांसाठी खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवड्याला चार तास पुरेत. कोर्सवर्क, सत्रनिहाय प्रगती सादरीकरण आणि तुमच्या पिकाचा हंगाम यांच्या तारखा एका कागदावर लिहा आणि त्या आठवड्यांत संघटनेचे काम घेणार नाही, असे सहकाऱ्यांना आजच कळवा. तोच कागद वडिलांना दाखवा. पाळीचे आणि उत्पादनाचे गणित रोज करणाऱ्या माणसाला तो नेमका कळेल.

गाईडना मात्र याच आठवड्यात स्वतः सांगा. पत्रक छापून आल्यावर त्यांना ते दुसऱ्याकडून कळले, तर तुम्ही लपविले असे वाटेल, आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा त्यांचा विश्वास कमी पडेल. 'सर, एक वर्षासाठी ही जबाबदारी घेत आहे, सादरीकरणाच्या तारखा या आहेत, त्यांत बदल होणार नाही,' एवढे पुरेसे आहे. त्यांची नाराजी दिसली तर वाद घालू नका. पुढचे सादरीकरण वेळेत आणि चांगले करा.

बायोडाटात नुसते 'सचिव, संशोधक संघटना' असे लिहून फारसे साधत नाही. किती नव्या संशोधकांसाठी कार्यक्रम घेतला, अधिछात्रवृत्तीच्या किती तक्रारी कार्यालयापर्यंत नेल्या आणि त्यांतील किती सुटल्या, हे वर्षभर वहीत नोंदवून ठेवा आणि तेच दोन ओळींत लिहा. पुढे प्राध्यापकपदाची मुलाखत असो, उद्योगातील संशोधन विभाग असो किंवा प्रकल्प व्यवस्थापन, आपल्या विषयाबाहेरील माणसाशी बोलता येते आणि कार्यालयीन काम तडीस नेता येते, याचा असा पुरावा फार थोड्या उमेदवारांजवळ असतो. दुसऱ्याचे संशोधन चार वाक्यांत अचूक सांगण्याचा जो सराव या पाच परिचयांतून होईल, तो तुम्हाला स्वतःच्या प्रबंधाचा सारांश लिहिताना उपयोगी पडेल.

कार्यक्रमाच्या आखणीत एक बदल सुचवितो. परिचय शेवटी, लोक घड्याळ पाहू लागल्यावर ठेवू नका. पाहुण्यांच्या भाषणाआधी घ्या, आणि चहाच्या वेळी पाचही जणांनी एकत्र उभे न राहता सभागृहात पाच ठिकाणी थांबावे, म्हणजे पिशवीत कागद घेऊन आलेल्यांना गर्दीत शिरावे लागणार नाही.

तुमच्या खजिनदारांचा परिचय मात्र तुम्हाला मुळापासून लिहावा लागेल. बाकी चौघांच्या संशोधनाचा विषय तरी तुमच्या पत्रातून किंवा मसुद्यातून मला कळला, खजिनदारांविषयी 'हिशेबात चोख' या दोन शब्दांपलीकडे काहीच लिहिलेले नाही. उद्या त्यांच्या प्रयोगशाळेत जा आणि टेबलावर सध्या काय चालू आहे ते आधी विचारा.