सहा महिन्यांना दहा दिवस कमी

‘मावशी, नमस्कार. आम्ही ठाण्यात राहतो. मुलगी पावणेतीन वर्षांची, मुलगा साडेतीन महिन्यांचा. दिवाळीत सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, म्हणून घरात क्रूझचं खूळ शिरलंय. नणंदेला युरोप हवंय, बार्सेलोनाहून सात रात्री. नवऱ्याला मुंबईहून लक्षद्वीप. सासूबाई मालवणच्या. त्या म्हणतात, “आमच्या आईनं आम्हाला तान्ही असताना बोटीनं नेलंय, पडावातून (छोट्या होडीतून) उतरवलंय, तुम्हाला कसली भीती?” नवरा म्हणतो, जहाजावर मुलं सांभाळायला माणसं असतात, तू नुसती निवांत पड. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीची तारीख जवळजवळ ठरलीय. तेव्हा बाळाला सहा महिने पूर्ण व्हायला दहा दिवस कमी असतील. मला रात्री झोप लागत नाही. कुठली क्रूझ घ्यावी? की मीच सगळ्यांच्या आनंदावर पाणी ओततेय?’
– काठावरची

प्रिय काठावरची,

तुझं पत्र वाचताना माझं बोट त्या दहा दिवसांवरच अडलं. तू ते असं सहज लिहून गेलीस, पण सगळ्या भांडणाची किल्ली तिथेच आहे. बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेत नाहीत. सलग बरेच दिवस समुद्रातच असणाऱ्या लांबच्या सफरींना तर बारा महिन्यांची अट असते. हे वय बुकिंगच्या दिवशीचं नाही, जहाज सुटतं त्या दिवशीचं मोजतात आणि जन्मतारीख कागदावर बघतात. ‘दहा दिवसांनी काय होतंय’ असं नवरा म्हणेल. धक्क्यावर सामानासकट उभं करून परत पाठवलं की काय होतंय ते कळेल. आणि अट उगाच नाही. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखानाही असतो, पण बालरोगतज्ज्ञ नसतो. एवढ्याशा बाळाला जुलाब लागले किंवा ताप चढला तर पुढचं बंदर येईपर्यंत वाट बघण्यापलीकडे फारसं काही हातात नसतं.

म्हणजे दिवाळी बाद. आता तुला हायसं वाटलं असेल, आणि तिथेच मी तुला पकडणार आहे. ‘नियमात बसत नाही हो, माझा काय इलाज’ असं सांगून मोकळी होऊ नकोस. दहा दिवसांचा प्रश्न दहा दिवसांत संपेल आणि नणंद नवी तारीख घेऊन येईल. मग काय सांगशील? तेव्हा नियम सांग, पण पाठोपाठ तुझं स्वतःचं म्हणणंही सांग: मला जायचंय, पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

मार्च का, ते ऐक. तेव्हा बाळ नऊ महिने ओलांडून गेलेलं असेल. नऊ महिन्यांची गोवराची लस आधी टोचून झालेली असेल. उष्टावण होऊन दोन-तीन महिने झाले असतील, म्हणजे मऊ भात, नाचणीची लापशी, कुस्करलेलं केळं पोटात जात असेल. मुलीला तोवर तीन पूर्ण झालेली असतील, आणि जहाजांवर तीन हा आकडा फार मोठा आहे, त्याकडे येतेच. शिवाय आपल्याकडे ते दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस. शाळकरी मुलांची घरं जागची हलत नाहीत, जहाजावर गर्दी थोडी कमी मिळण्याची शक्यता असते. अरबी समुद्रही तोवर शांत असतो. लग्नाचा वाढदिवस दिवाळीत घरी पुरणपोळी करून साजरा करा आणि तिकिटं पाकिटात घालून सासूबाईंच्या हातात द्या. चार महिने त्या शेजारणींना सांगत फिरतील. तो आनंद वेगळाच.

आता नवऱ्याच्या ‘माणसं असतात’ या वाक्याकडे. असतात. पण कोणासाठी? बहुतेक जहाजांवरचा मुलांचा क्लब तीन वर्षांपासून सुरू होतो आणि मूल डायपरमधून बाहेर आलेलं असावं लागतं. रॉयल कॅरिबियन आणि डिस्ने या कंपन्यांकडे हेच आहे. कार्निव्हल दोन वर्षांपासून घेते. तीनच्या आतल्यांसाठी पाळणाघर असलेली जहाजं मोजकी. डिस्नेच्या जहाजांवर आणि रॉयल कॅरिबियनच्या काही मोठ्या जहाजांवर ते असतं, सहा महिन्यांपासून घेतात, पण तासावर पैसे लागतात आणि जागा थोड्या असल्यानं आधी नोंदवावी लागते. केबिनमध्ये येऊन बाळाजवळ बसणारी बाई मिळेल असं धरून तर चालूच नकोस. दिवाळीत गेला असतात तर तिनाला थोडी कमी असलेली मुलगी क्लबच्या दारातून परत आली असती. मार्चमध्ये ती आत जाईल, अर्थात तोवर डायपर सुटला तर. तिच्या मागे लागू नकोस, हातात पाच-सहा महिने आहेत.

आणि डायपरवरून सांगते, कारण ही चूक मी स्वतः केलीय. माझा नातू चौदा महिन्यांचा असताना आम्ही जहाजानं गेलो होतो. लेकीनं पोहण्याचे खास डायपर आणले होते, पिवळ्या माशांचे. पहिल्या दुपारी आम्ही थाटात तलावाशी गेलो. तिथला मुलगा गुडघ्यावर बसला, नातवाच्या डायपरकडे बोट दाखवलं आणि हसत मान हलवली. चालणार नाही. पोहण्याचा डायपर असला तरी नाही. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांना तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे नियम लागतात, आणि डायपरमधलं मूल तलावात नको हा नियम पुष्कळ कंपन्या जगभर पाळतात. काही जहाजांवर अशा बाळांसाठी उथळ कारंज्यांची वेगळी जागा असते. आमच्या जहाजावर नव्हती. तीन दिवस नातू काठावर उभा राहून भोकाड पसरायचा आणि मग आम्ही त्याला केबिनच्या न्हाणीघरात प्लास्टिकच्या टबात बसवायचो. तो टब लेकीनं ऐनवेळी बॅगेत कोंबला होता. जहाजाच्या साध्या खोलीत नुसता शॉवर असतो, बादली-तांब्या नसतो, त्यामुळे घडी होणारा रबरी टब तूही ने. जहाज निवडताना पहिला प्रश्न हाच विचार: डायपरमधल्या मुलानं पाण्यात कुठे खेळायचं? बंदरांची यादी नंतर.

दुसरा प्रश्न खोलीचा. आतली, खिडकी नसलेली खोली स्वस्त पडते आणि साधारण दीडशे चौरस फुटांची असते, म्हणजे ठाण्यातल्या फ्लॅटमधली लहान बेडरूम. त्यात बाळाचा पाळणा उघडला (तो आधी मागून ठेवावा लागतो) की न्हाणीघराच्या दाराशी जायला आडवं व्हावं लागतं. बाळ दिवसातून दोनदा झोपणार आणि संध्याकाळी साडेसातला पुन्हा. तेव्हा कोणीतरी त्या अंधारात, मोबाइलचा उजेडही झाकून बसणार. ते कोणीतरी म्हणजे तू, हे मी पत्र न वाचताही सांगितलं असतं. म्हणून पैसे वाचवायचे तर रात्री कमी करा, पण खोली बाल्कनीची घ्या. बाळ आत झोपलं की दार लोटून बाहेर बसता येतं. कठडा उंच असतो, पण खुर्ची त्याच्याजवळ कधी ठेवायची नाही आणि मुलगी जागी असताना दाराला वरची कडी. आणखी एक, बाळ कितीही तान्हं असलं तरी जहाजाच्या हिशेबात ते एक पूर्ण प्रवासी. लाइफबोटीतली जागा माणशी मोजतात. तिघांच्या खोलीत ‘बाळ काय, मांडीवर’ म्हणून चौघं जाता येत नाही. बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट पहिल्याच दिवशी मागून घे.

बोट लागण्याची भीती तुला बाळासाठी वाटत असेल. दोन वर्षांच्या आतल्यांना बोट सहसा लागत नाही. हा त्रास जास्त करून दोन ते बारा या वयातला. तेव्हा नजर मुलीवर ठेव. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मिळाली तर हेलकावे कमी जाणवतात. औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. शेजारणीच्या मुलाला चाललेली गोळी नको.

आता तुमच्या दोन जहाजांचं. युरोपचं मला मुळीच पटलेलं नाही. भूमध्य समुद्रातली सफर म्हणजे रोज नवं बंदर, आणि बंदर म्हणजे शहर नव्हे. कार्यक्रमपत्रिकेवर ‘रोम’ लिहिलेलं असतं, जहाज लागतं चिविताव्हेकियाला, तिथून रोम ७०-८० किलोमीटर. सकाळी बसमध्ये घालायचं, संध्याकाळी परत, मध्ये दगडी रस्त्यांवर बाबागाडी खडखडवायची, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. त्याआधी शेंगेन व्हिसा आणि लांबचं विमान. नणंदेला सांग, मुलं आठ-दहा वर्षांची झाली की नक्की.

लक्षद्वीप जवळचं, सुंदरही. पण त्या बेटांभोवती प्रवाळांचं कडं आहे, आतलं पाणी उथळ. मोठं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माणसं छोट्या बोटींतून बेटावर जातात. म्हणजे सासूबाईंचा पडावच! बाबागाडी त्यात निरुपयोगी, डोक्यावर ऊन रणरणतं, आणि हलत्या बोटीत पाय टाकताना नऊ महिन्यांचं बाळ एका हातात. परवाने काढावे लागतात ते वेगळंच. या वर्षी नको.

मग उरतं काय? मुंबई-गोवा-मुंबई, दोन किंवा तीन रात्रींची फेरी. मी तेच घेतलं असतं. विमान नाही, व्हिसा नाही, टॅक्सीनं धक्का, आणि नाहीच जमलं तर तिसऱ्या दिवशी घरी. मुंबईहून निघणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेलं जहाज आहे, पूर्वी ते रॉयल कॅरिबियनकडे होतं. नव्या अजस्र जहाजांवरचे थाट त्यावर शोधू नकोस. पाण्याच्या जागेचा, पाळण्याचा आणि क्लबच्या वयाचा प्रश्न फोनवर विचार आणि उत्तर ईमेलवर मागून घे. बजेट सैल असेल आणि बाळाचा पासपोर्ट काढायची तयारी असेल तर सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्या हा दुसरा पर्याय. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीच्या कुशीत असल्यानं पाणी शांत. पण साडेपाच तासांचं विमान आणि घड्याळात अडीच तासांचा फरक, झोपेचं सगळं गणित विस्कटतं. माझा कौल गोव्याला.

खाण्याचं म्हणशील तर माझ्या छोट्या राइस कुकरची गोष्ट ऐक. खिमटी करायला म्हणून साडीत गुंडाळून नेला होता. धक्क्यावरच्या तपासणीत तो यंत्राच्या पडद्यावर अगदी स्पष्ट दिसला. आगीच्या भीतीनं जहाजावर कुकर, किटली, इस्त्री असल्या वस्तू नेऊ देत नाहीत. त्याला चिठ्ठी बांधून ठेवून घेतला, उतरताना परत दिला. मी पहिल्या रात्री तोंड पाडून बसले होते. वाढायला आलेला मुलगा मडगावचा निघाला. जहाजांवर गोव्याची पोरं भेटतातच. नातवाकडे बघून म्हणाला, “आजी, पेज जाय?” त्यानंतर रोज सहा वाजता मऊ पेज आणि बिनफोडणीचं वरण वाटीत हजर. तेव्हा पहिल्याच जेवणाला स्वयंपाकघरापर्यंत निरोप पोचव, आणि जेवणाची लवकरची पाळी घे. बाळाच्या दुधाची पावडर, बंद पाकिटातलं खाणं, ओआरएस, तापाचं औषध मात्र घरूनच. जहाजावरच्या दुकानात सुगंधी बाटल्या चिक्कार, लॅक्टोजेन मिळेलच असं नाही. आणि हात साबणानंच धुवायचे. जहाजांवर पसरणाऱ्या, जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नाही.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न. पाणी ओतणारी तू नाहीस. पण घरात सगळे समुद्राबद्दल बोलतायत, आणि संध्याकाळी साडेसातला खोलीत कोण बसणार हे कोणी बोलत नाही. ते तूच बोल. पाच मोठी माणसं, तीन संध्याकाळ. सासूबाईंशी सुरुवात कर, पण वाद घालू नकोस, त्यांना पडावाचीच गोष्ट विचार. आई, मालवणला उतरताना तुम्हाला कोणी धरलं होतं? मी तीन-चार घरांत हा प्रश्न विचारून पाहिलाय. मावशी निघते, आत्या निघते, कोणी शेजारच्या काकू निघतात, एकदा तर अनोळखी खलाशी निघाला. एकटी आई कोणाच्याच गोष्टीत नसते. त्यांची गोष्ट संपली की वही पुढे कर. पहिली संध्याकाळ नवऱ्याची लिही, दुसरी नणंदेची, तिसरी तुझी. आजी-आजोबांची एकही नको, लग्नाचा वाढदिवस त्यांचा आहे. सह्या झाल्या की मगच तिकिटाचे पैसे भरा.

– मावशी

ता. क. बाळाचं निळं बाल आधार आणि जन्मदाखला आत्ताच काढून ठेव. नाव घालायचं राहिलं असेल तर तेही. बारशाच्या गडबडीत पुष्कळांचं राहतं.