वूस्टरला मुक्काम असताना बॉस्टनची डक टूर कशी करावी? पाण्याला घाबरणाऱ्या आईला नेता येईल का?

डक टूर म्हणजे रस्त्यावर आणि पाण्यातही चालणाऱ्या ‘डक’ नावाच्या वाहनातून शहराची सहल. बडोद्याहून जूनमध्ये लेकाकडे जाताय, तर सहल शनिवार-रविवारी ठेवा. कम्युटर रेलचा (तिथल्या लोकल गाडीचा) 10 डॉलरचा वीकेंड पास दोन्ही दिवस हव्या तितक्या फेऱ्यांना चालतो. मोठ्यांबरोबर 11 वर्षांपर्यंतची मुले फुकट.

वूस्टरच्या युनियन स्टेशनवर बसायचे आणि साऊथ स्टेशनच्या एक स्टेशन अलीकडे, बॅक बेला उतरायचे. कोप्ली प्लेस मॉलच्या आतून, छताखालून चालत प्रुडेन्शियल सेंटर गाठता येते. टूर तिथे हंटिंग्टन अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूने सुटते. तिकिटावर वेळ ठरलेली असते आणि सुट्टीच्या दिवशी जागा लवकर भरतात, म्हणून आधीच ऑनलाइन काढा. तुमच्या वेळेच्या निदान तासभर आधी बॅक बेला पोचणारी गाडी धरा. आणखी एक बघा: त्या दिवशी फेनवे पार्कवर रेड सॉक्स या बेसबॉल संघाची मॅच आहे का? ते मैदान याच लाइनवर, बॅक बेच्या अलीकडच्या लान्सडाऊन स्टेशनला लागून आहे. मॅच असली की गाडीत उभे राहायलाही जागा नसते.

टूर साधारण 80 मिनिटांची: तासभर रस्ता, वीसेक मिनिटे चार्ल्स नदी. वाहनात टॉयलेट नाही, मॉलमध्येच जाऊन या. चढायच्या पायऱ्या मागून आणि उभ्या आहेत, तेव्हा आईंना साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा. जूनमध्येही नदीवर गार वारा लागतो, स्वेटर जवळ असू द्या.

आता आईंच्या भीतीचं. बडोद्यातल्या हरणीच्या तलावात 18 जानेवारी 2024 ला बोट उलटून 12 मुले आणि 2 शिक्षिका दगावल्या, त्यानंतर बडोद्यातल्या कुणाला पाण्यात जायची धास्ती वाटली तर ती रास्तच आहे. या वाहनांचेही अपघात झालेत. 19 जुलै 2018 ला मिसुरीतल्या टेबल रॉक लेकवर वादळात एक डक बुडाली, 31 पैकी 17 जण दगावले. वादळाचा इशारा आधीच आलेला होता. वरचे छत आणि बाजूचे पडदे यांमुळे लोक आत अडकले. म्हणून बसताना दोन गोष्टी बघा: बाजू मोकळी आहे ना, आणि पाण्यात शिरण्याआधी सीटबेल्ट सोडायला सांगतात का. रस्त्यावर पट्टा हवाच, पाण्यात मात्र तो सुटलेला हवा. लाइफ जॅकेट कुठे आहेत हेही विचारून घ्या, त्यात संकोच नको.

चार्ल्सचा हा भाग बराच संथ आहे. 1910 मध्ये बांध झाल्यापासून समुद्राची भरती-ओहोटी इथे येत नाही. उतारावरून पाण्यात शिरताना नाक खाली झुकते आणि क्षणभर पाणी अंगावर आल्यासारखे वाटते. चाके जमीन सोडतात, पंखा ढकलू लागतो आणि गाडी सपाट होते. हे आईंना आधी सांगून ठेवा आणि त्यांना कडेऐवजी आतल्या बाजूला बसवा. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने रस्त्यावर चालवणारा आणि माहिती सांगणारा वेगवेगळे असावे लागतात, त्यामुळे चालकाचे लक्ष बोलण्यात जात नाही.

गडगडाटाचा अंदाज असेल त्या दिवशी मात्र जाऊ नका. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. एरवी आईंना जरूर न्या.