योगासनं आणि स्ट्रेचिंगनं अंग मोकळं होतं हे पटतं, पण ताकद येते का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, कोल्हापूरच्या महाद्वार रोडला साड्यांचं दुकान, दिवसभर गादीवर बैठक. खाली वाकलं की बोटं नडगीच्या मध्यावर येऊन थांबतात. वरच्या फळीवरचा गठ्ठा काढताना उजवा खांदा धरतो. योगासनं आणि स्ट्रेचिंगनं अंग मोकळं होईल हे तुम्हाला पटलंय, पण मित्र म्हणतोय की ताकद पाहिजे तर जिमच लाव. तर दोन्ही गोष्टी योगानं साधतील का, आणि किती दिवसांत?

बऱ्याच अंशी साधतील. एका ठिकाणी योगासनं कमी पडतात, ते पुढं सांगते. मी रंकाळा तलावाच्या बाजूला योगाची सकाळची बॅच घेते, दुकानदार मंडळी माझ्याकडं बरीच येतात, त्यामुळं तुमची बैठक आणि तुमची पाठ मला न बघताही ओळखीची वाटते.

वाकताना आपण अडतो ते स्नायू आखूड आहे म्हणूनच, असा बहुतेकांचा समज असतो. स्नायूच्या आत ताण मोजणारी बारीक यंत्रणा असते. ताण एकदम वाढला की ती मज्जारज्जूला कळवते आणि स्नायू उलट आवळला जातो. म्हणून झटके देऊन वाकणाऱ्याची मांडी जास्तच ताठरते. स्ट्रेचिंग सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जो फरक दिसतो, तोही मुख्यतः ताण सोसायची सवय वाढल्यामुळं असतो. स्नायूची लांबी तेवढ्यात फारशी बदललेली नसते. ज्या कोनात स्वतःला सावरता येईल असा शरीराला भरवसा वाटतो, तिथपर्यंतच ते सहज जाऊ देतं. आणि तो भरवसा ताकदीनं येतो. स्नायू लांब झालेल्या अवस्थेत त्याच्याकडून काम करून घेतलं की मोकळेपणा आणि ताकद एकाच वेळी वाढतात. वजनाचा व्यायामसुद्धा पूर्ण वाकून, पूर्ण उठून केला तर लवचीकपणा स्ट्रेचिंगइतकाच वाढवतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

तुमच्या मित्राला कोल्हापुरातच याचा दाखला मिळेल. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतला पैलवान जोर कसा काढतो ते बघायला सांगा. हातपाय जमिनीवर, कंबर उंच वर. तिथून डोकं दोन हातांच्या मधून खाली सुटतं, छाती मातीला घासता घासता पुढं जाते आणि मान उचलून वर येते. मग कंबर परत मागं आणि वर. वर असताना मांडीमागचे स्नायू आणि खांदे ताणले जातात, पुढं आल्यावर पोट आणि छाती उघडते, आणि या सगळ्या वेळात अंगाचा मोठा भार हातांवर असतो. योगाच्या वर्गात आम्ही अधोमुख श्वानासनातून भुजंगासनात येतो, ती हीच वाट. मान जमिनीला टेकवून पूल बांधणारा शंभर किलोचा पैलवान ज्यानं बघितलाय, तो लवचीकपणाला बायकांचं आणि म्हाताऱ्यांचं काम म्हणणार नाही. (पूल तुम्ही घरी करून बघू नका. मानेची ती तयारी वस्तादाच्या नजरेखाली वर्षानुवर्षं होते.)

मोकळेपणा सगळ्या अंगाला सारखा नसतो, सांध्यागणिक वेगळा असतो. गुजरीतले एक सोनार कारागीर माझ्याकडं येतात. उभं आयुष्य मांडी घालून, पुढं वाकून दागिने घडवण्यात गेलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सहज पद्मासन घातलं, बाकीचे बघतच राहिले. मग मी त्यांना पाठीवर झोपून हात डोक्याच्या मागं टेकवायला सांगितले. हात जमिनीपासून वीतभर वरच अडले. जोर लावून टेकवायला गेले तशी कंबर जमिनीवरून उचलली गेली आणि बरगड्या पुढं आल्या. म्हणजे हात खांद्यातून जातच नव्हता, कंबर त्याची भरपाई करत होती. गठ्ठा काढताना तुमचंही हेच होत असणार असा माझा अंदाज आहे. गादीवर बसणाऱ्याचा खुबा बरा असतो, छातीमागचा पाठीचा भाग मात्र धरलेला असतो. तो सुटल्याशिवाय खांद्याला कितीही तेल चोळलं तरी तेवढ्यापुरतंच बरं वाटतं. त्या कारागिरांना मी दोनच गोष्टी दिल्या. एक, गुंडाळलेली सतरंजी खांद्याच्या पात्यांखाली आडवी घेऊन रोज तीन-चार मिनिटं पडून राहायचं. दुसरी, भिंतीला पाठ, डोकं आणि मनगटं टेकवून हात हळूहळू वर सरकवायचे आणि कंबर भिंतीपासून सुटू लागली की तिथंच थांबायचं. थांबल्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद भिंतीवर दाबायची. त्यांचे हात आता जमिनीला टेकतात. तुम्ही याच्यापासूनच सुरुवात करा.

आता पाय. पायाचे अंगठे धरायचा अट्टहास सध्या सोडा. मांडीमागचे स्नायू वरच्या टोकाला ओटीपोटाच्या हाडाला बांधलेले असतात. ते घट्ट असले की वाकताना कंबरेचं हाड पुढं कलत नाही आणि सगळा वाक कमरेच्या मणक्यांवर येतो. तुम्हाला वाटतं मांडी ताणली जातेय, प्रत्यक्षात पाठ गोल होते. म्हणून पाठीवर झोपून करायचं सुप्त पादांगुष्ठासन तुमच्यासाठी उत्तम. पट्टा नसेल तर दुकानातलं एखादं जुनं कापड पुरेल. १९३७ साली पुण्याला येऊन पुढं जगभर पोचलेल्या योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, विटा, दोर, खुर्च्या यांचा वापर रुळवला तो ताठर माणसालाही आसन नीट करता यावं म्हणूनच. एक पाय जमिनीवर सरळ, दुसऱ्याच्या तळव्याला कापड अडकवून तो वर घ्या, गुडघा किंचित वाकला तरी चालेल. जिथं ताण जाणवेल तिथं थांबा आणि टाच कापडाविरुद्ध खाली ढकला, पाच-सहा सेकंद, निम्म्या ताकदीनं. मग ढकलणं सोडा, श्वास सोडत पाय थोडा आणखी जवळ घ्या, वीस-तीस सेकंद तिथंच ठेवा. असं तीन वेळा, मग दुसरा पाय. फिजिओथेरपीतही ही युक्ती वापरतात, आणि नुसतं ओढून धरण्यापेक्षा तिचा गुण लवकर येतो असा माझा अनुभव आहे. उभं राहून वाकायचंच असेल तर गुडघे भरपूर वाकवा, पोट मांड्यांना टेकू द्या, आणि पोट न सोडता गुडघे जमतील तेवढे सरळ करा.

ताकदीसाठी सूर्यनमस्कार आहेतच. आपल्याकडं औंध संस्थानच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, ते संस्थानातल्या शाळांत नेले, त्यामुळं आधीच्या पिढ्यांना ते पाठच असायचे. पण भराभर शंभर घालण्यानं दम वाढतो, ताकद फारशी वाढत नाही. दहाच घाला आणि खाली जाताना तीन सेकंद लावा. छाती जमिनीकडं नेताना कोपरं बरगड्यांजवळ ठेवा आणि मध्येच थांबून बघा. हात थरथरायला लागले म्हणजे काम होतंय. जोडीला उत्कटासन (खुर्चीत बसल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहणं), वीरभद्रासन (एक पाय पुढं, एक मागं), शलभासन (पालथं झोपून पाय उचलणं), सेतुबंधासन (पाठीवर झोपून कंबर उचलणं). वीरभद्रासनात पुढचा गुडघा वाकवून नुसते उभे राहू नका, दोन्ही पावलं जमिनीवरची सतरंजी फाडायची असल्यासारखी एकमेकांपासून दूर ओढा. पावलं हलणार नाहीत, पण मांड्यांत आणि खुब्यात काय होतं ते लगेच कळेल. पंधरा-वीस दिवसांत आसन सोपं वाटायला लागलं की तेच तसंच करत राहू नका: वेळ वाढवा, वेग कमी करा किंवा सेतुबंधासन एका पायावर करा. स्नायूला अवघड गेलं नाही तर तो वाढायचं थांबतो, हा जिमचा नियम योगालाही लागू आहे.

बैठका मात्र सुरुवातीला पैलवानी नकोत. त्यात टाचा उचलतात आणि गुडघा बराच पुढं जातो. तुम्ही दुकानातल्या स्टुलावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, एवढ्यानं सुरुवात करा.

योगासनं कमी पडतात ते ठिकाण आता सांगते. आसनांत ढकलणं खूप आहे, ओढणं जवळजवळ नाही. चतुरंग दंडासन, फलकासन, श्वानासन, सगळीकडं हात जमिनीला ढकलतात. स्वतःकडं काही ओढून घेणारी, म्हणजे पाठीची, दंडाच्या पुढची आणि मुठीची ताकद चटईवर फारशी येत नाही. माझ्या लहानपणी गल्लीतल्या तालमीत छताला दोर टांगलेला असायचा आणि पोरं नुसत्या हातांनी वर चढायची. जोर-बैठकांच्या जोडीला दोर आणि मल्लखांब ठेवणाऱ्या जुन्या वस्तादांना हा तोल बरोबर कळलेला होता. तुम्ही आठवड्यातून दोनदा बागेतल्या सिंगल बारला पाय जमिनीवर टेकवूनच लटका, किंवा रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून कोपरं मागं ओढा. साड्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरून, पाठ सरळ ठेवून, खुब्यातून वाकून उठलात तर ते वजन उचलणंच झालं. आणि जिम आवडत असेल तर खुशाल लावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तो दुसरा भाग लोखंडावर झाला काय आणि चटईवर झाला काय, शरीराला सारखंच.

वेळेबद्दल. सकाळी उठल्या उठल्या खोल वाकू नका. रात्रभर आडवं असल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा कमरेवर ताण जास्त येतो. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, रंकाळ्याला एक फेरी मारा, मग बसा. ताकदीच्या व्यायामाआधी हातपाय फिरवणं, हलके नमस्कार असं चालतं-फिरतं अंग मोकळं करणं चांगलं. एकेका स्नायूला मिनिटभराहून जास्त ताणून धरायचं ते शेवटी ठेवा, कारण आधी केल्यास स्नायूचा जोर थोड्या वेळापुरता उतरतो. आठवड्यातून चार-पाच दिवस वीस-पंचवीस मिनिटं पुरे. मोकळेपणा तीन-चार आठवड्यांत जाणवेल. ताकद पहिल्या महिन्यात वाढते ती मज्जातंतूंच्या सरावामुळं. अंगावर दिसायला दोन-तीन महिने लागतात.

ताण आणि दुखणं यात फरक करा. मांडीच्या मध्यावर ओढल्यासारखं वाटतंय तर ठीक. गुडघ्यामागं चमक, पोटरीत मुंग्या, पावलात बधिरपणा असेल तर ती नस आहे. ओढणं लगेच थांबवा. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून जोर लावू नका, आणि काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन नकोच. कुठल्याही वर्गात कुणी पाठीवर भार टाकून तुम्हाला खाली दाबायला आलं तर स्पष्ट नको म्हणा. याबाबत मी फार कडक आहे. समोरच्याच्या स्नायूत काय चाललंय हे वरून दाबणाऱ्याला कळत नाही, आणि त्या एका दाबानं महिनोन्‌महिने लंगडत चालणारी माणसं मी बघितली आहेत.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती आधी तपासा. उजवा हात सैल सोडून घरातल्या कुणाला तरी तो वर उचलायला सांगा. मग कोपर बरगडीला टेकवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवायला सांगा. दुसऱ्यानं हलवूनही हात दोन्हीकडं अडत असेल आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर खांदा गोठण्याची शक्यता आहे. चाळिशी ते साठीत हे बऱ्याच जणांना होतं, मधुमेह असलेल्यांना जास्त. तसं असेल तर वरचं खांद्याचं सगळं आणि बारला लटकणं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पायांचं आणि खुब्याचं मात्र उद्यापासून सुरू करायला हरकत नाही.